शुक्रवारची तीन बुचं

मी म्हैस बोलतेय. शिंगं शोधू नका. मी लोखंडाची आहे, दोन्ही बाजूंना रणगाड्यासारखे पट्टे आहेत, आणि जमिनीवर चालते तशीच पाण्यातही पोहते. सैनिकांना पोटात घालून शत्रूच्या किनाऱ्यावर नेऊन सोडायचं, एवढ्यासाठी मला अमेरिकेत बनवलं. ब्रिटिश फौजेने मला बफेलो म्हटलं. त्याची म्हैस केली माझ्या फिटरने, योएलने, आणि मराठीही त्यानेच शिकवली. इतक्या वर्षांत माझ्याशी चार शब्द बोलला तो एकटाच.

लढाईचं फार सांगत नाही. चव्वेचाळीस साली हॉलंडच्या एका किनाऱ्यावर मी तीस जण नेले. त्यांतले किती परत आले, ते विचारू नका. पण एक तेव्हाच कळलं. पाण्यात उतरण्याआधी माणसं उगाच मोठ्याने हसतात. ते हसणं मी अजून विसरलेली नाही.

लढाई संपली आणि मी गंजत पडले. पुढे एसेक्सच्या किनाऱ्यावरच्या एका कंत्राटदाराने मला उचललं. समुद्राच्या बांधांना लागणारे दगड चिखलातून वाहायचे, हे माझं काम. त्रेसष्ट साली तिथे योएल फिटर म्हणून आला. मुंबईचा बेने इस्राएल यहुदी, तोंडाचा पट्टा सदा चालू. ग्रीस भरता भरता सांगायचा, "आमचे वाडवडील कोकणात तेलाचा घाणा चालवायचे. शनिवारी घाणा बंद. लोक शनवार तेलीच म्हणायचे त्यांना. मीही तेलीच बघ. तुला तेल घालतो, सॅटर्डे सोडून!"

माझ्या तळाला तीन भोकं आहेत, त्यांना पितळी बुचं. दर शुक्रवारी दुपारी योएल ती काढायचा, पोटात साठलेलं पाणी वाहून जाऊ द्यायचा, आणि बुचं दोरीत ओवून माझ्या स्टिअरिंगच्या दांड्यांना अडकवायचा. सोमवारी परत लावायचा. माळ दिसली की म्हशीला पाण्यात घालायचं नाही, हा यार्डातला नियम. माळ नसली म्हणजे बुचं जागेवर. मालकापासून सगळ्यांना हे ठाऊक होतं.

डॉक्टर शशिधर गावातल्या हॉस्पिटलात होते. पोटभर मराठी बोलायला मिळावं म्हणून जेवणाच्या सुट्टीत यार्डात यायचे. योएलच्या थर्मासमधला चहा प्यायचे आणि त्याच चहाला नावं ठेवायचे.

"तुझ्या म्हशीत मी कधी बसणार नाही बाबा," ते एकदा म्हणाले. "मी सोलापूरचा. आमच्याकडे अंघोळीला पाणी पुरत नाही, पोहायला कुठलं? मला स्विमिंग येतच नाही."

"अरे, बस रे! बुचं मी लावतो ना? मग समुद्राची काय टाप आहे?"

मला ते बोलणं आवडलं नाही. समुद्राला असं डिवचू नये.

अडुसष्टच्या जानेवारीतला तो शुक्रवार. इथे हिवाळ्यात सूर्य चारलाच बुडतो, आणि त्याआधी योएलला घरी पोचायचं असे. त्याची बायको लीया सूर्य बुडायच्या आत शब्बाथचे दिवे लावायची. शब्बाथ म्हणजे त्यांचा विसाव्याचा दिवस, शुक्रवारी सूर्य बुडाला की लागतो, आणि मग कामाला हात लावायचा नाही. त्या दिवशी पाऊस, वारा, आणि त्याला उशीर झालेला. त्याने बुचं काढली, पण दोरी काही सापडेना. "मरू दे ती दोरी," म्हणाला, बुचं कोटाच्या खिशात टाकली आणि सुटला. कामाचा कोट एकदा दारामागे टांगला की शनिवारची संध्याकाळ होईपर्यंत तो त्याला हात लावत नसे. हे त्यानेच मला नंतर सांगितलं, शंभरदा सांगितलं.

शनिवारी दुपारी समुद्र चढला. समोरच्या बेटाचा रस्ता पाण्याखाली गेला, आणि बेटावर एक बाई बाळंतपणात अडली होती. होड्या निघेनात. तेव्हा मालक स्वतः आले. बरोबर डॉक्टर शशिधर, हातात बॅग, चेहरा पांढराफटक. मालकांनी दांड्यांकडे पाहिलं. माळ नव्हती. "गुड," म्हणाले.

अहो, गुड कसलं डोंबलाचं! पण मला तोंड कुठे आहे? मी दोनदा खोकले आणि बंद पडले. माझ्याने तेवढंच झालं. मालकांनी शिवी हासडून तिसऱ्यांदा मला चालू केलं. डॉक्टर मोठ्याने हसले. ते हसणं मी ओळखलं.

माझं इंजिन योएलच्या घरी ऐकू गेलं, हेही त्यानेच मागाहून सांगितलं. "साहेबांनी म्हशीला काढलं वाटतं," तो म्हणाला.

"अहो," लीया म्हणाली, "काल तुमचा कोट मी टांगला ना, तेव्हा खिशात काहीतरी जड वाजलं हो."

मी पाण्याच्या मध्यावर होते तेव्हा तो बांधावर दिसला. पायांत बूट नव्हते, हात वर करून बुचं दाखवत ओरडत होता. माझ्या इंजिनाच्या घरघरीत कोणाला काही ऐकू आलं नाही. डॉक्टरांना वाटलं, तो निरोप देतोय. त्यांनीही हात हलवला.

पाणी घोट्यापर्यंत आलं, मग गुडघ्यापर्यंत. पंपाला ते आवरेना. मी मागून बसले आणि कलंडले. मालक पोहत बेटाच्या रस्त्याकडेच्या एका खांबाला लागले आणि वाचले. डॉक्टर दुसऱ्या दिवशी सापडले. बेटावरची बाई त्याच संध्याकाळी आपली आपण मोकळी झाली. मुलगी झाली.

चौकशीत अपघात ठरला. योएलला कोणी एक शब्द बोललं नाही. आठवड्याने ओहोटीला तो चिखल तुडवत माझ्याकडे आला आणि रडत रडत तिन्ही बुचं घट्ट बसवून गेला. "उशीर झाला गं म्हशी," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून सात वर्षं मी इथे चिखलात पडून आहे. भरती माझ्यावरून जाते, ओहोटी लागते, पण माझ्या पोटातलं पाणी पोटातच राहतं. त्याला जायला वाटच नाही. योएल दर शुक्रवारी येतो. भरती असली तर बांधावर, नाहीतर माझ्यापाशी, अंधार पडेपर्यंत उभा राहतो. तिकडे लीया एकटी दिवे लावते. मला त्याची दया येते, आणि खरं सांगू, रागही येतो.

योएला, ऐक माझं. आज शुक्रवार आहे, ओहोटी आहे, सूर्य अजून हातभर वर आहे. ती बुचं काढ. हे पाणी जाऊ दे माझ्या पोटातून. आणि घरी जा बाबा. लीया काडी हातात घेऊन दाराकडे बघत असेल.