येते नव्हे, जाते

"कट!" दिग्दर्शक ओरडला आणि नायिकेनं जीभ चावली. बॅग उचलून ती पुन्हा आत आली.

चौथ्यांदा तेच! नवऱ्याला कायमचं सोडून निघालेली बाई उंबरठ्यावर वळते आणि म्हणते, "जाते." एवढाच संवाद. पण पोरीच्या तोंडून आपलं "येते"च बाहेर पडत होतं.

कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर लेखक बसले होते. त्यांच्या कादंबरीच्या अकरा आवृत्त्या निघाल्या, त्या याच एका शब्दावर. टीव्हीसाठी तिचा सिनेमा करायला आलेल्यांना त्यांनी बजावलं होतं, गाणी घाला, काय वाटेल तो धुडगूस घाला, पण शेवटच्या शब्दाला हात लावायचा नाही.

"सर, 'येते'च ठेवू या ना," दिग्दर्शक काकुळतीला आला. "प्रेक्षकांनाही जरा आशा वाटेल."

"आशाच नकोय," लेखक फाडकन म्हणाले.

नायिका त्यांच्याजवळ येऊन टेकली. "काका, रागावू नका हं. पण घरातून निघताना 'जाते' म्हणायला जीभच वळत नाही हो. खरंच कुठली बाई असं म्हणते?"

"माझ्या पुस्तकातली म्हणते."

त्यांच्या घरातली, त्यांची बायको, म्हणाली नव्हती. तिनं बॅग खांद्याला लावली, चपला घातल्या आणि रोज भाजी आणायला निघावं तशी "येते हं" म्हणाली. त्या दोन शब्दांपायी या शहाण्या माणसानं सहा वर्षं घर बदललं नाही, कुलूप बदललं नाही, फोनचा नंबर बदलला नाही. बेल वाजली की हातातलं टाकून धावायचा. शेवटी वैतागून कादंबरी लिहायला घेतली आणि बाईच्या तोंडी "जाते" घातलं. एकदाचा निकाल लागला म्हणून त्या दिवशी ते गाढ झोपले होते. आता हाच शब्द पुसला, तर पुन्हा दाराकडे कान लावून बसणं आलं. तेवढं बळ आता त्यांच्यात उरलं नव्हतं.

पाचव्या वेळी "जाते" असं काही नेमकं आलं, की दिवे सांभाळणाराही डोळे पुसू लागला. टाळ्या पडल्या. लेखकांचा जीव भांड्यात पडला.

आवराआवर सुरू झाली. रंग पुसून, पर्स खांद्याला अडकवत नायिका त्यांच्यासमोरून गेली. दाराशी थबकून हसली.

"येते हं, काका."

"कधी?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.