जगदाळे पॅकर्सच्या लाईनीचा दरवान

इकडे तिकडे काय शोधताय? वर बघा. कपाटावर पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्याशेजारी जो पिवळट पडलेला डबा दिसतोय ना, तो मी. माझं खरं नाव गेटवे सर्व्हर. पण या ऑफिसात मला सगळे 'दरवान' म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडायचं. सर्व्हर काय, आज गल्लोगल्ली आहेत. दरवान व्हायला अंगात धमक लागते.

हे ऑफिस चंडीगडच्या सेक्टर बावीसमध्ये आहे, मिठाईच्या दुकानाच्या वर. मालक कर्नल विलास जगदाळे. मूळचे कराडकडचे. शेवटचं पोस्टिंग जवळच्या चंडीमंदिर छावणीत होतं, तिथून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. जन्मभर बदल्यांपायी स्वतःचं सामान बांधलं, मग दुसऱ्यांचं बांधून द्यायचा धंदा काढला. फौजी असो की सरकारी बाबू, बदलीचा हुकूम निघाला की माणूस पहिला फोन जगदाळे पॅकर्सला करायचा. फोन हा या धंद्याचा प्राण होता, आणि लाईन होती एकच.

मी काही जन्मजात सर्व्हर नाही बरं का. सामानाच्या पावत्या टाईप करायचा साधा कॉम्प्युटर म्हणून मी इथे आलो. पुढे नवे, चकचकीत कॉम्प्युटर आले आणि माझी रवानगी जिन्याखालच्या खोलीत झाली. तिथे सुतळीची बंडलं आणि मी. माझ्यावर कुणी तरी चहाचा ट्रे ठेवायचं. अपमान गिळून गप्प बसलो, दुसरं काय करणार?

मला तिथून बाहेर काढलं मेघनानं. मेघना ताम्हनकर. शिकलेली इंजिनिअर, पण नवरा परीक्षित केंद्र सरकारच्या नोकरीत. दर दोन-तीन वर्षांनी बदली. कुठे नोकरीत जम बसला न बसला की हिचा राजीनामा. इंदूरला तसंच, लखनौला तसंच. इथे तिला ठेवलं होतं पत्रं टाईप करायला आणि कॉम्प्युटरांवर लक्ष ठेवायला. तेवढ्यात गावोगावच्या गोदामांनी तगादा लावला की आता सगळं ई-मेलनं पाठवा. कर्नलसाहेबांनी एका विक्रेत्याला बोलावलं. तो म्हणाला, प्रत्येक कॉम्प्युटरला फोनच्या तारेतून इंटरनेट आणणारा वेगळा मोडेम लागेल, वेगळी फोनलाईन लागेल.

"नाही लागणार, सर," मेघना म्हणाली. "एक मोडेम आणि एक लाईन पुरे. जिन्याखालचा तो जुना कॉम्प्युटर मला द्या."

आणि मग काय सांगू महाराजा! तिनं माझं पोट उघडलं, फुंकर घालून धूळ उडवली, आत नेटवर्कचं नवं कार्ड बसवलं. मासिकासोबत मिळालेल्या सीडीवरून लिनक्स नावाची फुकटची प्रणाली घातली. मोडेम माझ्या डोक्यावर ठेवला आणि भिंतीच्या कडेनं स्वतः खिळे ठोकत सगळ्या टेबलांपर्यंत केबल नेली. साडीचा पदर खोचून स्टुलावर उभी राहायची. सामानाच्या गाड्या मार्गी लावणारा हरजीत म्हणायचा, "मॅडमजी, गिर जाओगे, मुझे दो." ती ऐकायची नाही.

काम कसं होतं ते सांगतो. कुणाच्याही कॉम्प्युटरनं इंटरनेट मागितलं की मला जाग यायची. मी मोडेमकरवी फोन लावायचो, दार उघडायचो, सगळ्यांची पत्रं एकाच वाटेनं आतबाहेर करायचो. तेवढा वेळ बाहेरून फोन करणाऱ्याला एंगेज लागायचा. काम संपलं की थोडं थांबून लाईन सोडायचो. पहिल्या दिवशी पुण्याच्या गोदामाचं उत्तर आलं तेव्हा मेघना खुर्चीत मागे रेलून नुसती हसत होती. मी आनंदानं गुरगुरत होतो. पंखा जुना होता ना.

तर असा सुखाचा संसार चालला असताना माशी शिंकली. फोन सारखा एंगेज लागायला लागला. गिऱ्हाईकं वैतागली. चंडीमंदिरच्या एका मेजरसाहेबांनी तर दुसरीकडून सामान बांधून घेतलं. कर्नलसाहेबांचा पारा चढला.

या ऑफिसात रोज सकाळी फॉल-इन व्हायचं, अगदी फौजेसारखं. सगळे एका ओळीत उभे, समोर कर्नलसाहेब. कालचा हिशेब, आजचा हुकूम आणि 'डिसमिस'. त्या शुक्रवारी ते म्हणाले, "मिसेस ताम्हनकर, दिवसभर ही लाईन अडवतंय कोण? सोमवारच्या फॉल-इनला मला नाव हवं. नाही मिळालं तर तो डबा काढा आणि तुम्ही आपलं टायपिंग सांभाळा."

सगळे पांगल्यावर ती माझ्याजवळ आली. उगाचच माझ्यावरची वायर सरळ केली आणि हळूच म्हणाली, "एवढं एक तरी टिकू दे रे. प्रत्येक गावी अर्धवट सोडून आलेय."

माझा जीव तुटला हो. मला तर सगळं ठाऊक होतं! दरवानाला दारावर कोण थाप मारतंय हे कळणार नाही तर कुणाला कळणार? पण मला तोंड कुठे होतं? होतं, तर तिनंच ते बंद केलं होतं. मोडेम फोन लावताना किंचाळायचा, ते साहेबांना सहन होत नसे, म्हणून त्याचा आवाज बंद.

पण पोरगी हुशार. शनिवारी साहेब एक सामान बघायला पिंजौरला गेले होते. तिनं मोडेमचा आवाज चालू केला आणि सगळ्यांना सांगितलं की एकेकानं आपापला कॉम्प्युटर बंद करा. एक बंद झाला, मी बोललो. दुसरा बंद झाला, तरी बोललो. सगळे बंद झाले. ऑफिस चिडीचूप. आणि मी पुन्हा किंचाळलो, अगदी घसा फोडून.

"मॅडमजी, सब बंद है," हरजीत म्हणाला, "फिर ये किसके लिए बोल रहा है?"

मेघनानं सावकाश मान वळवली. साहेबांच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता. 'मला त्यातलं काही कळत नाही, नुसता शोभेला आहे' असं ते सगळ्यांना सांगायचे. त्यावर नलिनीकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, विणलेला रुमाल असायचा. मेघना आत गेली आणि तिनं रुमाल उचलला. कॉम्प्युटर चालू होता. दर काही मिनिटांनी पत्र आलंय का बघ, असं त्याला सांगून ठेवलेलं. पत्रांची पेटी रिकामी होती. पत्त्यांमध्ये एकच नाव होतं, मधुरिमा. तिनं रुमाल होता तसा ठेवला आणि बाहेर येऊन हरजीतला म्हणाली, "कळलं. सोमवारी बघू."

तेवढ्यात जिना चढून नलिनीकाकू आल्या. साहेब जेवणाचा डबा विसरले होते, तो घेऊन. ते नाहीत म्हटल्यावर डबा मेघनाच्या हातात देऊन धापा टाकत तिच्या टेबलाशीच बसल्या.

"अगं मेघना, काय करून ठेवलंयत तुम्ही त्या फोनचं? माझी पोर रडकुंडीला आलीय."

मधुरिमा ही त्यांची लेक. डॉक्टरकीला मिळालेली जागा सोडून पाव-केक करायचं शिकायला सिडनीला गेली. साहेबांना ते झेपलं नाही. निघताना तिला म्हणाले, "लिहायचं असेल तर लिही. मला तुझा आवाज ऐकायचा नाही."

"आणि ही त्यांचीच लेक," काकू म्हणाल्या. "म्हणते, लिहिणार नाही, बोलेन तर तोंडानं. घरी तिचा फोन आला की हे गॅलरीत जाऊन उभे राहतात. ऑफिसात स्वतःच उचलतात ना, म्हणून दिवाळीपासून इथे लावतेय. तर जेव्हा लावावा तेव्हा एंगेज."

मेघनाच्या हातातला डबा हातातच राहिला. बाप तिच्या पत्राची वाट बघत लाईन अडवून बसलाय आणि लेक त्याच लाईनीवर ताटकळतेय. आणि मधे उभा मी, इमानेइतबारे दार उघडतोय. वाईट वाटलं मला, लपवत नाही.

सोमवार उजाडला. साहेबांना आधीच गाठून एकांतात सांगायचं तिच्या मनात होतं. पण ते जिना चढून आले ते थेट ओळीसमोर उभे राहिले.

"मिसेस ताम्हनकर, नाव?"

मेघना म्हणाली, "सर, सेटिंगची चूक होती. माझी."

"तुमची?"

"इथलं सगळं सेटिंग माझंच आहे, सर."

"ठीक. मग डबा काढा. डिसमिस."

हरजीत काही बोलणार होता, तिनं डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. मला वाटलं, संपलं आपलं, पुन्हा जिना, पुन्हा सुतळी. पण ती माझ्याकडे आली नाही. सरळ साहेबांच्या खोलीत गेली. दार अर्धवट उघडं होतं आणि माझी जागा दाराशीच, त्यामुळे शब्द न् शब्द कानावर आला.

"डबा काढते, सर. त्याआधी एकच सांगते. तुमचा कॉम्प्युटर सारखं पत्र आलंय का बघतो. तेवढा वेळ फोन एंगेज राहतो. आणि मधुरिमा तुम्हाला इथे फोन लावतेय. काकू म्हणाल्या."

आत पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"कधीपासून?" साहेबांनी विचारलं.

"दिवाळीपासून."

साहेब उठले. बाहेर आले. "फॉल-इन," म्हणाले. लोक गोंधळून पुन्हा ओळीत उभे राहिले. पण या वेळी साहेब समोर उभे राहिले नाहीत. ओळीच्या शेवटी, हरजीतच्या शेजारी जाऊन उभे राहिले, ताठ.

"लाईन मी अडवली होती," ते म्हणाले. "मिसेस ताम्हनकरांची चूक नाही. डबा जागेवरच राहील आणि त्याचं सगळं काम त्याच बघतील. डिसमिस."

मी अनेक कॉम्प्युटर बघितले, एवढ्या सरळ मानेचा माणूस दुसरा नाही बघितला. मग ते माझ्यापाशी आले. पहिल्यांदाच मला नीट निरखून बघितलं.

"पोरी," त्यांनी तिला पहिल्यांदाच पोरी म्हटलं, "तुझ्या दरवानाला सांग, थोडा वेळ लाईन सोड."

मेघनानं माझं बटण बंद केलं. पंखा हळूहळू थांबत गेला, आणि तो पुरता थांबायच्या आत मी एवढं ऐकलं: साहेबांनी घरी फोन लावला. "नलिनी, तिचा नंबर दे." मग पुन्हा नंबर फिरवला. मग घसा खाकरला.

"मी बोलतोय. नको, ठेवू नकोस. बोल. काहीही बोल. पाव कसा करतात ते सांग."

पुढचं मला हरजीतच्या तोंडून कळलं. म्हणे चहा गार झाला तरी साहेब ऐकतच होते.

त्यानंतर मी अनेक वर्षं चाकरी केली. परीक्षितची बदली झाली तेव्हा मेघनाचं सामान साहेबांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं. या गावातून ती काही अर्धवट सोडून गेली नाही. आता नागपूरला मोठमोठ्या ऑफिसांची नेटवर्कं उभारते. ब्रॉडबँड आल्यावर मला काम उरलं नाही, तर साहेबांनी मला भंगारात देऊ दिलं नाही, इथे वर बसवलं. खाली एक पांढरी डबी दिवे मिचकावत असते. चलाख आहे, पण तिला कधी लाईन सोडावी लागलेली नाही.

मी हजारो पत्रं पोहोचवली. पण छाती फुगवून सांगावं असं काम माझ्या हातून झालं ते मी बंद होतो तेव्हा. म्हणून जाता जाता तुम्हाला एक विनवणी आहे. तुमच्या खिशातला फोन आता एंगेज लागत नाही, तरी पलीकडच्यानं आधी बोलावं म्हणून तुम्ही दिवस दिवस त्याच्याकडे बघत बसता. नका बसू. ज्याच्या आवाजासाठी थांबलायत, त्याला तुम्हीच लावा. बोलून होईपर्यंत मी गप्प राहतो.