लोण्याखाली गोठलेलं

इनेसनं थंड कपाटातून पहिलं भांडं काढलं आणि कडेला अंगठ्यानं हळूच दाबून पाहिलं. वरचा लोण्याचा थर पिवळाधमक, एकसंध होता. आतलं मांस मात्र दबलं नाही. थरथरलं.

त्यानं दुसरं भांडं दाबून पाहिलं, मग तिसरं. तीच गत.

अकराला ऑलिव्ह हेग येणार होती. तिचा नवरा हर्बर्ट मंगळवारी गेला. आज दोनला दफन, तीनला चॅपलच्या हॉलमध्ये ऐंशी माणसांचा चहा. बार्न्झलीच्या या भागात अशा चहाला पॉटेड मीटची, म्हणजे दळून लोण्यात घोटलेल्या मांसाची सँडविचं लागतातच, आणि विधवेनं चाखून पसंत केल्याशिवाय भांडं दुकानाबाहेर जात नाही. मांसाच्या या दुकानाचा मालक सेथ क्रॉशॉ हा इनेसचा सासरा, आणि त्यानं जावयाची परीक्षा नेमकी याच भांड्यांवर लावली होती. "ऑलिव्हनं घेतलं तर पाटीवर तुझं नाव. परत केलं तर दुकान विकून मोकळा होतो."

पॉटेड मीट हे फळ्यावर लिहायचं नाव. गिऱ्हाइकं म्हणतात 'कुत्रं'. पहिल्याच आठवड्यात एका म्हातारीनं पाव पौंड कुत्रं मागितलं, तेव्हा इनेस तिच्याकडे बघत राहिला आणि सगळी रांग त्याच्याकडे. त्याची आई स्कॉटलंडात, फॉरफरला. तिच्याकडे याच नडगीच्या मांसाला 'हॉख' म्हणतात, पण ते त्याच्याच रश्शात गोठवून सुरीनं कापतात. इथलं पावावर पसरलं पाहिजे. काल संध्याकाळी मन दुसरीकडे होतं आणि हातानं आईचं ऐकलं. सगळा रस्सा मांसातच ओतून मोकळा.

"गोठलंय," तो बायकोच्या कानाशी पुटपुटला.

"किती?" थेल्मानं विचारलं.

"आठही."

तिनं दुकानात डोकावून पाहिलं. तिचा बाप सेथ खुर्चीत पेपर धरून बसला होता, पण पान केव्हापासून उलटलं नव्हतं. "चव बरोबर आहे ना?"

"चव आहे."

"मग गप्प राहा. लोण्याखालचं कुणाला दिसतंय? ती सुरीच्या टोकावर घेऊन चाखेल नि जाईल."

दारावरची घंटा वाजली.

ऑलिव्ह काळ्या कोटात होती. पिशवीतून तिनं स्वतःची सुरी काढली.

"कशी आहेस?" सेथनं विचारलं.

"उभी आहे. आण रे पोरा, तुझं कुत्रं."

इनेसनं भांडं ठेवलं. सुरीचं टोक लोण्याला लागलं. पावातून घसरणाऱ्या वड्या त्याच्या डोळ्यांपुढे आल्या, आणि गालात हसणारी ऐंशी माणसं. हर्बर्टच्या चहाला.

त्यानं भांड्यावर पंजा ठेवला.

"थांबा बाई. हे पसरणार नाही. रस्सा जास्त पडलाय, माझ्याच हातून."

"दोनला नवऱ्याला पुरायचंय मला. आणि तू आत्ता सांगतोस?"

"मलाच आत्ता कळलं. वितळवून गाळतो, परत दळतो, लोण्यात घोटतो. बर्फ मिळाला तर एकपर्यंत होईल."

"बाराला बायका येतात पाव कापायला."

सेथनं पेपराची घडी घातली. "मी म्हणतच होतो, हा पोरगा..."

"तू तर बोलूच नकोस, सेथ. माझ्या बापाच्या चहाला निम्मा पावाचा चुरा घातला होतास. चौतीस वर्षं झाली. सांगितलंस कधी?"

सेथचे कान लाल झाले. "मांस रेशनवर होतं तेव्हा."

"ठाऊक आहे. सांगायचं होतंस."

तिनं हॅट काढून कौंटरवर ठेवली आणि स्टूल ओढलं. "थेल्मा, मासेवाल्याकडून बर्फ आण. जाता जाता बायकांना सांग, एकला या. मी इथून हलत नाही."

पाऊणला इनेसनं पावाचा तुकडा तिच्यापुढे ठेवला. तिनं सुरी फिरवली. मांस या कडेपासून त्या कडेपर्यंत सरसर गेलं. ती सावकाश चावत राहिली. इनेस भिजले हात ॲप्रनला पुसत राहिला, सुकले तरी.

"जायपत्री जास्त झालीय," ती म्हणाली.

थेल्मानं डोळे मिटले.

"हर्बर्टला तशीच लागायची." ऑलिव्हनं सुरी पुसून पिशवीत टाकली. "आठही हॉलवर पाठव."

सेथ उठून दाराबाहेरच्या पाटीकडे पाहून आला. मग घसा खाकरून म्हणाला, "पाटीवाल्याला बोलावतो. वर क्रॉशॉ तसंच राहील. ह्याचं खाली, बारीक अक्षरात."

"रस्त्यापलीकडून वाचता आलं पाहिजे, सेथ," ऑलिव्ह हॅट घालत म्हणाली. "माझा चष्मा जुना आहे."