अंगठ्याची झीज

तळहातात मावणारे ते रिव्हॉल्व्हर आज आपल्या घरी येणार, या कल्पनेने आकुर्डीच्या सुरेंद्रला सकाळचा चहाही धड गेला नव्हता. शंभर वर्षांपूर्वीची घडण, पोलादावर मूळचा निळसर मुलामा; आणि चाकणचे नानासाहेब आपल्या आजोबांचे हे शस्त्र फुकट द्यायला तयार! त्यांच्यामागे ते सांभाळायला घरात कोणी तयार नव्हते. सुरेंद्रच्या संग्रहासाठी सरकारी परवानगीसुद्धा आली होती.

तेवढ्यात नानासाहेबांचा फोन आला.

"साहेब, घरी नगा येऊ. पुतन्याच्या, गणराजच्या, प्लेटिंगच्या शेडात या. त्यो निकेल चढवतोय तिला. आरशावानी चमकंल!"

"नानासाहेब, थांबवा त्याला! मुलामा गेला की सर्वस्व गेले!"

"पोरगी सासरी धाडताना मळकी धाडत्यात व्हय?" म्हाताऱ्याने फोन ठेवला, तो पुन्हा उचललाच नाही.

सुरेंद्रने रिक्षा गाठली. चाकणच्या चौकात कांद्याचे ट्रक आणि कंपन्यांच्या बसगाड्या एकमेकांत अशा गुंतल्या होत्या की रिक्षावाल्याने इंजिनच बंद केले. सुरेंद्रने त्याच्या हातावर भाडे टेकवले आणि भर रस्त्यातून धूम ठोकली. आयुष्यभर सावकाश, मुद्देसूद बोलणारा तो गृहस्थ वाटेत आडव्या आलेल्या प्रत्येक टेम्पोला शिव्या देत होता.

शेडात पॉलिशचे चाक घरघरत होते. नानासाहेब खिशात परवाना ठेवून खुर्चीवर बसले होते आणि गणराजने रिकामे रिव्हॉल्व्हर नुकतेच चाकाकडे नेले होते.

"थांब!"

गणराज दचकला. चाक बंद झाले.

"काय राव, जीव घेता का?"

सुरेंद्रने धापा टाकत रिव्हॉल्व्हर हाती घेतले, उजेडात फिरवले. मुलामा शाबूत! आनंदाने त्याचा आवाजच चढला. "हे पाहा, नानासाहेब. घोडा अंगठ्याने मागे ओढतात ना, त्याच्या उजव्या अंगाला हा पांढुरका ठिपका. हा मळ नव्हे, अंगठ्याची झीज आहे. आणि अंगठा उजवीकडे टेकतो, म्हणजे धरणारा डावखुरा असला पाहिजे."

नानासाहेब ताडकन उठले. "आज्जा डावराच हुता! माज्यावानी!"

"मग ही झीज त्यांचीच. चाकावर धरलीत तर माझ्या घरी नुसते लोखंड येईल. तुमचे आजोबा इथेच, चाकाखालच्या या भुकटीत पडून राहतील."

नानासाहेबांनी शस्त्र डाव्या हातात घेतले. अंगठा ठिपक्यावर नेमका बसला. बराच वेळ त्यांनी तो उचलला नाही. मग त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढले आणि रिव्हॉल्व्हर त्यात गुंडाळू लागले.

"गणराज, निकेल नगं."

"उत्तम!" सुरेंद्रने हात पुढे केला.

"आन् साहेब, ही जात न्हाई आता कुठं. आज्जाला कसं देऊ मी परक्याच्या घरी?"

सुरेंद्रने हात मागे घेतला. प्रतिवाद करायचा तर आपल्याच युक्तिवादाचे खंडन करावे लागणार होते.

"बघायला येत जा की," नानासाहेब मायेने म्हणाले. "खंडेनवमीला तिला खोबरेल लावून पूजतो, तवा जेवायलाच या."

"खोबरेल?" सुरेंद्र कडाडला. "अहो, खोबरेल थिजते! गणराज, एक खुर्ची आण. नानासाहेब, बसा. आता नीट ऐका."