काचखाऊ पाणी आणि डाव्या हाताचा मोजा

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही, लावा पैज. काच खाणाऱ्या पाण्यात मी रोज हात घातला आहे!

मी एक जुना रबरी हातमोजा आहे, डाव्या हाताचा. आवाज तुमच्या आजोबांसारखा येतोय म्हणता? रबर जुनं झालं की असंच घोगरं बोलतं. त्यांच्या ओठांकडे बघू नका. ठकी, तू तर मुळीच नको. तुझे डोळे फार चौकस आहेत.

चिनीमातीचा हात रबराच्या चिकात बुडवतात, वाळवतात आणि सालीसारखा मोजा सोलून काढतात. तसा मी जन्मलो आणि एका नक्षीवाल्या कारागिराच्या हाती पडलो. तो काचेवर मेण लावी, सुईने मेणात हंस कोरी आणि काच त्या पाण्यात सोडी. मेण जिथे खरवडलेलं, तेवढीच काच पाणी खाई. हंस उमटे, धुक्यासारखा पांढरा.

या पाण्याचं कागदावरचं नाव हायड्रोफ्लुओरिक आम्ल. काचेच्या बाटलीत ठेवलं तर बाटलीच फस्त करतं, म्हणून ते प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये राहतं. वाफही वाईट, नाकाखाली धरायची नाही. पण खरी लबाडी वेगळीच. दुसरं आम्ल अंगावर पडलं की माणूस तिथल्या तिथे बोंब ठोकतो. हे पातळ केलेलं असलं की चावत नाही. गपचूप कातडीतून शिरतं आणि हाडाशी जाऊन बसतं. बोंब उठते ती काही तासांनी.

म्हणून कारागिराची बायको रोज सकाळी मला तपासायची. मनगटाशी घडी घालून माझ्यात हवा कोंडायची आणि मला गालाजवळ धरायची. भोक असलं तर गालाला झुळूक लागणार. माझे एवढे लाड दुसऱ्या कोणी केले नाहीत.

एके दिवशी कारागीर चिडला. "रोज रोज काय फुगवत बसतेस? मोजा आहे की तान्हं पोर?"

"मग घाला तसाच!" असं म्हणून तिने मला त्याच्या अंगावर भिरकावलं आणि तोंड फिरवलं.

नेमकं त्याच दिवशी माझ्या करंगळीला टाचणीएवढं भोक होतं. मला ठाऊक होतं हो! पण तेव्हा मला तोंड फुटलं नव्हतं.

काम झालं. करंगळी ओलसर लागली, त्याने घाम समजला. दुपारी पोटभर जेवला. संध्याकाळी कपाचा कान धरताना बोट असं ठणकलं की डोळ्यांत पाणी आलं. पण सकाळपासूनचा अबोला! सांगणार कोणाला? शेवटी तिनेच पाहिलं. बोटाचं टोक मेणासारखं पांढरं पडलं होतं.

"कधी लागलं?"

"सकाळी असेल. काही नाही गं, दुखत नव्हतं."

"दुखत नव्हतं म्हणूनच तर! उठा आधी!"

तिने त्याचा हात नळाच्या धारेखाली धरला. मग दुसरा मोजा घेतला आणि तेवढ्या घाईतही आधी फुगवून पाहिला. तो घालून भिंतीवरच्या पेटीतलं कॅल्शियमचं मलम बोटावर चोळत चोळत त्याला गाडीत बसवलं. दवाखान्यापर्यंत ती म्हणत होती, "चुकलं माझं." आणि तो म्हणत होता, "आधी बोललो मीच ना."

भोकाचा मोजा कापून विषारी कचऱ्याच्या पिंपात टाकतात. मग मी कसा वाचलो? कात्री जवळ येताच मी अशी मूठ वळली की कात्रीच घाबरली!

मित्रांनो, माझं एवढं ऐका. दुखत नाही म्हणजे लागलं नाही, असं नसतं. लागलं की लगेच सांगा, मग कितीही रुसवा असो. त्या घरात भांडणं अजून होतात, पण आधी मोजा फुगतो, मग गाल.

आणि करंगळी? वाचली की! अख्खी, नखासकट. हे बघा, कशी ऐटीत...

ठकी सरकत सरकत पुढे आली आणि तिने माझी करंगळी चिमटीत धरली. ती चपटीच झाली.

"खोटं!" ठकी ओरडली. "यात कोणीच नाहीये. आजोबा, तुमचं बोट कुठंय?"