सर्व्हर कोण खातंय?

चोर सापडला. म्हणजे, नाही सापडला. शुक्रवारी अकरा वाजता काहीही घडलं नाही असं सुधीर सरांनी ग्रुपवर टाकलंय आणि सगळ्यांनी त्याला अंगठे दिलेत. त्यामुळे सोमवारपासून सांगतो.

आमची कंपनी जुईनगरला. सोसायट्यांच्या गेटवर पाहुण्यांची नोंद ठेवणारं अ‍ॅप आम्ही चालवतो. सोमवारी सर्व्हर मंदावला आणि उलव्यात एक जावई चाळीस मिनिटं सासऱ्याच्या गेटवर उभा राहिला.

"आपल्यातलंच कोणीतरी सर्व्हरवर स्वतःचे धंदे चालवतंय," सर म्हणाले आणि शर्मिलाकडे बघितलं. ती दिघ्याहून येते. प्रोबेशन संपून शुक्रवारी कायम व्हायची होती. "चोर सापडेपर्यंत कोणी कायम नाही."

सर्व्हरवर कोण किती भार टाकतंय ते दाखवणारी तीन टूल्स ताडून बघायचं काम मला मिळालं. एचटॉप रंगीत, त्यात माणूस लगेच दोषी वाटतो. बीटॉपमध्ये आलेख, निर्दोष माणूससुद्धा डोंगर चढून पळताना दिसतो. ग्लान्सेस सगळंच दाखवतं, म्हणून संशयही सगळ्यांचाच येतो. सरांना तिन्ही आवडली. हुकूम निघाला: प्रत्येकाने तिन्ही उघडी ठेवून शेजाऱ्यावर लक्ष ठेवायचं. मी शर्मिलावर, ती माझ्यावर, सर सगळ्यांवर.

सर्व्हर आणखी मंदावला. जावई परत आला, गेटवरच जेवला.

"अभ्या, तुझ्या टूल्सच्या लिस्टमध्ये सरांचं नाव दिसतं?" शर्मिलाने विचारलं.

"नाही. सेटिंग त्यांनीच करून दिलंय, स्वतःला वगळून. म्हणाले, उगाच गर्दी कशाला."

शुक्रवारी अकराला तिने सगळ्यांसमोर टॉप नावाचं साधं, जुनं टूल उघडलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, सेटिंग कसलंच नाही. जो जास्त खातो तो वर. पहिल्या अकरा ओळींत एकच नाव: सुधीर. अकरा खिडक्यांत ग्लान्सेस, रविवारपासून चालू. त्याखाली आम्ही सगळे, एकमेकांवर नजर ठेवत. सर्व्हर खाणारं दुसरं कोणी नव्हतंच.

"सर, तुमी रविवारीच?" शर्मिलाने विचारलं.

"मला संशय होता."

"पण सर्व्हर तर सोमवारी मंदावला."

"तेच तर," सर म्हणाले. "मी आधीच ओळखलं होतं."

मग ही मीटिंग झालीच नाही असं ठरलं. चोर सापडलेला नसल्यामुळे शर्मिला कायम झाली नाही. माझा अहवाल मात्र सरांना आजच हवाय. शेवटचा परिच्छेद असा:

"सबब, टॉप हे टूल स्वीकारावे, कु. शर्मिला यांना शुक्रवारपासून कायम करावे, आणि मा. सुधीर सरांना सहा महिने प्रोबेशनवर घेऊन त्यांच्या देखरेखीसाठी सदर जावयांची नेमणूक करावी, ही नम्र विनंती."