अकरा वेळा 'इथं दाबा'

अमरदीपच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. भाग्यश्री त्याची सख्खी मावसबहीण. जन्मापासून दिसत नाही, तरी बी.एड. झालेली. आदिलाबादच्या शाळेतल्या मराठीच्या जागेसाठी पोरीनं चार महिने जिवाचं रान केलं. उद्या अकराला मुलाखत, आणि शाळेच्या वेबसाइटवर तिच्या नावापुढं काय, तर 'अर्ज मागे घेतला'!

ती वेबसाइट बनवणारा आणि सांभाळणारा शाळेचा क्लार्क म्हणजे खुद्द अमरदीपच. त्यानं तीनतीनदा तपासलं. अर्ज सकाळी दहाला, तिच्याच मोबाइलवरून, तिच्याच ओटीपीनं मागे घेतलेला. आता याला काय म्हणावं? पोरगी घाबरली, का लग्नाबिग्नाचं काही निघालं? मग भावाला एक फोन करायला हात मोडले होते का? तणतणत त्यानं गाडीला किक मारली आणि तिचं गाव भीमपूर गाठलं.

भाग्यश्री उद्या नेसायच्या साडीला इस्त्री करत होती.

"अर्ज काऊन मागं घेतला वं?" त्यानं दारातूनच विचारलं.

"कोनं? मी?" तिची इस्त्री थांबली. "मी तं मुलाखतीचं हॉल तिकीट काढलं, दादा. ओटीपी आला, 'खात्री आहे का' असं विचारलं, मी हो म्हनलं. तवापासून तिकिटाची वाट पाहून राह्यली."

अमरदीप आणखीच चक्रावला. "अवं, तिथं ठसठशीत लिहिलं हाये! वर काय करायचं ते लिहिलं, त्याच्याखाली 'इथं दाबा'. दाखव बरं, कशी करतं तू."

तिनं फोन काढला. पडदा काळाकुट्ट.

"हा तं बंद हाये."

"चालू हाये. मले उजेड कायले पाह्यजे?"

तिनं बोट फिरवलं तसा फोन पडद्यावरचं मोठ्यानं वाचू लागला, आणि तेही इतकं भरभर, की भाषा कोणती तेही त्याला कळेना. मग तिनं वेग कमी करून फोन त्याच्या कानाशी धरला. 'इथं दाबा, लिंक. इथं दाबा, लिंक. इथं दाबा, लिंक.' अकरा वेळा तेच.

"सांग, यातली हॉल तिकिटाची कोनती?"

बाप्पा! स्वतःच्या हातानं बनवलेलं पान, आणि त्याला काही म्हणजे काही सांगता येईना.

"आमी दर खेपेला सारं पान कुठं ऐकत बसतो, दादा? नुसत्या लिंका ऐकतो. काल एकदा पुरं ऐकलं आन् मोजून ठेवलं. तिसरी अर्ज मागं घ्यायची, चौथी हॉल तिकिटाची. आज चौथीच दाबली मी. मोजनीत चुकली नाई."

आता कुठं अमरदीपच्या ध्यानात आलं. मोजणीत ती चुकलीच नव्हती. आज सकाळी साडेनऊला त्यानंच स्नेहसंमेलनाच्या फोटोंची नवी लिंक सगळ्यात वर टाकली होती. खालच्या साऱ्या एकेक घर खाली सरकल्या. तिसरी होती ती चौथी झाली.

तो तसाच शाळेत परतला. संस्थेचे सचिव उद्धवराव ऐकून घेईनात. "दरखास्त तिनं मागं घेतली, मामला खतम. ओटीपी तिचा, बोट तिचं."

"पान माझं, साहेब. चूक माझी. लिहून देतो."

"लिहून दिलं तर तुझ्यावर कारवाई होईल."

अमरदीपची नोकरीच पणाला लागली. घरी दोन लेकरं होती. तरी त्यानं कागद ओढला आणि सही ठोकली. उद्धवरावांनी कागद दोनदा वाचला, कपाळाला आठ्या घातल्या आणि भाग्यश्रीचा अर्ज पुन्हा चालू केला. तो कागद मात्र अमरदीपच्या फायलीला लावला.

मग अमरदीपनं अकराही लिंका नव्यानं लिहिल्या. 'हॉल तिकीट डाउनलोड करा.' 'अर्ज कायमचा मागे घ्या.' 'स्नेहसंमेलनाचे फोटो पाहा.' लिहिताना त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. इतकं सोपं होतं हे, मग आजवर सुचलं कसं नाही?

त्यानं भाग्यश्रीला फोन केला. "पाह्य बरं आता."

पलीकडं बराच वेळ नुसता मोबाइलचा आवाज येत राहिला.

"निघालं तिकीट," ती म्हणाली. "दादा, आज मले मोजा लागलं नाई."

आणि इतका वेळ धीर धरून बसलेली ती पोर हमसून हमसून रडायला लागली. तिचं रडं थांबेपर्यंत अमरदीपनं फोन कानाचा काढला नाही.